ड्राइव्ह खालून जातो आणि टी मोडते: बिघाड नेमका कुठे?

तक्रार नेहमी अशीच असते. गोल्फमध्ये हातात ड्रायव्हर (सर्वात लांब फटक्याचा क्लब) आला की बॉल वर चढतच नाही. गुडघाभर उंचीवरून सणसणत निघतो, लवकर टप्पा घेतो आणि पुढचं अंतर जमिनीच्या मेहेरबानीवर. वर दर फटक्याला टी (बॉल ठेवायची, वरती वाटी असलेली छोटी खुंटी) मोडते. नऊ होल होईपर्यंत खिसा रिकामा. सोबतचा खेळाडू ठरलेलं निदान ऐकवतो, "डोकं वर काढलंस." मग पुढच्या होलला आपण मान घट्ट धरतो, टी आणखी खाली खोचतो, आणि बॉल आणखी खालून जातो.

मी जवळजवळ दोन वर्षं हेच केलं. शेवटी वैतागून एकदा ड्रायव्हरच्या फेसवर (बॉलला लागणाऱ्या पुढच्या पृष्ठभागावर) पावडर मारली आणि ठसे बघितले. बॉल फेसच्या मधोमध लागत होता, बऱ्याचदा मध्यापेक्षा किंचित वर. डोकं वर निघाल्यामुळे बॉल "टॉप" होतोय (क्लब त्याच्या वरच्या अंगाला लागतोय) असं जे सगळे सांगत होते, ते माझ्या बाबतीत साफ चूक होतं. ते चूक असणार हे मोडलेली टी पहिल्या दिवसापासून सांगत होती, मला ते वाचता येत नव्हतं इतकंच.

(पुढे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने लिहिलंय. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

टी कधी लागते आणि कधी लागत नाही

नियमाप्रमाणे बॉलचा व्यास किमान ४२.६७ मिमी असतो, म्हणजे त्याचा मध्य टीच्या वाटीपासून साधारण २१ मिमी वर असतो. फेसला लॉफ्ट, म्हणजे मागे झुकलेला कोन, असल्यामुळे तो बॉलला नेमका मध्यावर न लागता तीन-चार मिलिमीटर खाली लागतो. थोडक्यात, जिथे फेस आणि बॉल भेटतात ती जागा वाटीपासून १७-१८ मिमी वर असते. टी जमिनीत किती खोचली होती याचा या आकड्याशी संबंध नाही.

आता फेसवरचा ठसा बघा. तो सोलपासून (क्लबच्या तळापासून) १७-१८ मिमीपेक्षा वर असेल तर सोल वाटीच्या खालून गेला आणि हेडने (क्लबच्या डोक्याने) टीला धडक दिली. ठसा त्याहून खाली असेल तर सोल वाटीच्या वरून गेला. मग टी तशीच उभी राहते, फार तर जराशी कलते.

आजच्या ड्रायव्हरच्या फेसचा मध्य सोलपासून पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे अगदी मध्यावर लागलेल्या उत्तम फटक्यातही टीचा वरचा एक सेंटिमीटर हेडच्या वाटेत येतोच. चांगल्या ड्राइव्हलाही टी लागते. "टी मोडली म्हणजे स्विंग बिघडला" हे समीकरण म्हणूनच खोटं आहे.

उलट दिशेने वाचलं तर हेच गणित फार उपयोगी पडतं. बॉल खालून गेला आणि टी मोडली असेल, तर हेड बॉलच्या वरच्या अंगाला लागलेलं नाही. ते पुरेसं खाली आलं होतं. बॉल वर गेला नाही याचं कारण लॉफ्ट वाटेत कुठेतरी हरवला. बॉल खालून गेला आणि टी जागच्या जागी उभी असेल, तर मात्र फटका पातळ लागलाय. दिसायला दोन्ही ड्राइव्ह सारखे, पण दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर आजार वाढतो, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात.

मोडलेल्या टीकडून काय विचारायचं, काय नाही

टी जवळपास नेहमी जमिनीच्या पातळीलाच मोडते. धक्का वर बसतो, खालचा भाग मातीने पकडून ठेवलेला असतो आणि सगळा वाक त्या सीमेवर येतो. त्यामुळे ती कुठे मोडली यावरून स्विंगचं काही कळत नाही. जमीन कडक होती एवढंच कळतं. ओल्या, भुसभुशीत जमिनीत तीच टी तशाच फटक्याला अख्खी उपटून उडते. कोरड्या दिवसांत टी जास्त मोडायला लागल्या म्हणून कुणी ग्रिप बदलायला जाऊ नये.

टी पुढे पडली की मागे, यावरून लोक तासन् तास वाद घालतात. मागे उडाली तर म्हणे फटका वर जाताना लागला. या पुराव्यावर माझा भरवसा नाही. टीचा कल, माती, लाकूड की बांबू, किती खोल खोचली होती, यातलं काहीही तिची दिशा बदलू शकतं.

बघायचं ते टीवरचा ओरखडा. तुकडा उचला आणि हेड तिला कुठे लागलंय ते पाहा. वाटीच्या लगेच खाली खूण असेल तर उंची ठीक आहे. वाटीपासून दोन सेंटिमीटर किंवा त्याहून खाली असेल तर हेड फार खोल गेलं होतं.

दुसरी खूण ड्रायव्हरच्या सोलवर सापडते. रंगीत लाकडी टी वापरली की तिचा रंग फेसच्या खालच्या कडेवर आणि सोलवर रेघ सोडतो. रेघ पुढच्या कडेपासून सरळ मागे गेली तर हेडचा मार्ग आणि फेसची दिशा जुळतायत. ती टोच्या (हेडच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला तिरकी गेली तर हेड फेसच्या तुलनेत आत ओढलं जातंय, म्हणजे स्लाइसचं (उजवीकडे वळणाऱ्या बॉलचं) घराणं. हीलकडे (दांड्याच्या बाजूला) तिरकी गेली तर हुकचं, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या बॉलचं. फुकटात मिळणारी इतकी चांगली माहिती आपण टॉवेलने पुसून टाकतो.

दहा बॉलांची तपासणी

लागतं काय? पायांना मारायचा पावडर स्प्रे, नसेल तर पांढऱ्या बोर्डवर लिहायचं मार्कर. मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला ठळक ठिपका काढला तरी चालतो, तो फेसवर उमटतो. एकाच लांबीच्या रंगीत लाकडी टी घ्या आणि दर वेळी सारख्याच उंचीला खोचा. रबरी टी असलेल्या मॅटवर हे करू नका. रबर वाकतं, परत उभं राहतं आणि काहीच सांगत नाही.

प्रत्येक बॉलनंतर तीनच गोष्टी लिहायच्या: टीचं काय झालं, ठसा फेसवर कुठे आहे, बॉल निघताना किती उंच होता. तो पुढे कुठे वळला, किती लांब गेला, ते आत्ता सोडा. पावडरच्या थरामुळे स्पिन बदलू शकतो, त्यामुळे या दहा बॉलांच्या वळणावरून काही ठरवू नये. आणि दहाच्या दहा मारा. तीन बॉलांत निष्कर्ष काढायचा मोह होतो, मलाही झाला होता, आणि पहिले तीन नेमके फसवे निघाले.

टी मोडली, ठसा मध्यात किंवा वर, तरी बॉल खाली

खालून जाणाऱ्या ड्राइव्हची तक्रार घेऊन येणाऱ्या, बऱ्यापैकी सराव असलेल्या खेळाडूंमध्ये हा प्रकार मी सर्वात जास्त पाहिलाय. सहसा असा खेळाडू आयर्न (जमिनीवरून मारायचे, जास्त लॉफ्टचे क्लब) चांगला मारतो. आयर्नमध्ये जे कमावलं तेच तो ड्रायव्हरमध्ये घेऊन येतो: बॉल मध्याकडे, हात पुढे, फटका खाली दाबलेला.

समजा ड्रायव्हरवर १०.५ अंश छापलेत. हात बॉलच्या पुढे गेले आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) लक्ष्याकडे कलला, तर फटक्याच्या क्षणी प्रत्यक्षात ८ अंशच उरतात. त्यात हेड ५ अंशांनी खाली उतरत असेल, तर बॉल कोणत्या कोनात निघेल? ड्रायव्हरच्या बाबतीत निघण्याच्या कोनात सुमारे ८५ टक्के वाटा प्रत्यक्ष लॉफ्टचा आणि १५ टक्के हेडच्या दिशेचा, असा ढोबळ हिशेब आहे. ८ चे ८५ टक्के ६.८, त्यातून ०.७५ वजा. बॉल ६ अंशांनी निघाला.

आता तोच ड्रायव्हर ३ अंशांनी वर जाताना लागू द्या, आणि शाफ्ट पुढे न कलल्यामुळे प्रत्यक्ष लॉफ्ट १४ अंश मिळू द्या. बॉल १२ अंशांच्या थोडा वर निघतो. उंची दुप्पट.

गंमत पुढे आहे. प्रत्यक्ष लॉफ्ट आणि हेडची दिशा यांच्यातला फरक जितका मोठा, तितका बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) जास्त. पहिल्या फटक्यात तो फरक १३ अंश आहे, दुसऱ्यात ११. म्हणजे खाली दाबून मारलेला बॉल कमी उंचीवरून निघतो आणि वर जास्त स्पिनही घेतो. वेगात मारणाऱ्याचा असा बॉल आधी खाली राहतो, मग पतंगासारखा वर चढतो आणि अंतर न कापता खाली येतो. हळू मारणाऱ्याचा तर चढतही नाही.

खाली उतरत मारणं हे स्वतःत पाप नाही, हेही सांगायला हवं. ट्रॅकमॅनचा (फटके मोजणाऱ्या रडार यंत्राचा) जो तक्ता वर्षानुवर्षं फिरतोय, त्यात पीजीए टूरच्या व्यावसायिक पुरुषांच्या ड्रायव्हर हेडच्या दिशेची सरासरी उणे १.३ अंश आहे, म्हणजे ते किंचित खालीच मारतात. पण त्यांच्या हेडचा वेग ताशी ११३ मैल. त्याच तक्त्यात एलपीजीएच्या व्यावसायिक महिला ताशी ९४ मैल वेगाने, ३ अंश वर जाताना मारतात आणि बॉल १३ अंशांच्या वर काढतात. आपल्यासारख्या हौशी माणसाने नक्कल करायची तर कुणाची, ते या आकड्यांवरून दिसतं. आपण मात्र टीव्हीवर पुरुषांचा स्विंग बघून त्यांच्यासारखे हात पुढे ढकलतो.

उपाय मुळापासून सुरू करा, आणि मूळ बहुतेक वेळा उभं राहण्यातच असतं.

बॉल डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर हवा. पण इथे एक खड्डा आहे. बॉल पुढे नेला की खांदेही नकळत त्याच्याकडे वळतात, डावीकडे उघडतात, आणि खालून जाणाऱ्या बॉलच्या जागी स्लाइस येतो. म्हणून बॉल पुढे नेल्यावर खांदे पुन्हा लक्ष्यरेषेला समांतर करा. क्लब खांद्यांवर आडवा धरून मित्राला मागून बघायला सांगा, स्वतःच्या डोळ्यांवर यात विश्वास ठेवता येत नाही.

उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली हवा आणि पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित मागे झुकलेला. सोपा मार्ग असा: उभं राहून उजवा हात उजव्या मांडीवरून गुडघ्याकडे थोडा घसरवा. जो कल येतो तो तसाच ठेवून ग्रिप धरा. ग्रिपचं टोक पट्ट्याच्या बकलकडे असावं, डाव्या मांडीकडे नको. पहिल्यांदा हे फार मागे झुकल्यासारखं वाटतं. आरशात बघितलं तर जेमतेम दिसतं.

एवढं करूनही बॉल खाली राहिला तर डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) छाती पुढे धावतेय. कंबर लक्ष्याकडे सरकणं ठीक आहे, पण डोकं आणि छातीही बॉलच्या पुढे गेली की हेडला वर येण्यासाठी जागाच उरत नाही. यावर मला लागू पडलेला एकच सराव सांगतो. बॉलच्या पुढे, लक्ष्यरेषेवर साधारण ३० सेंटिमीटरवर तीन बॉलांचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा. बॉल मारून हेड त्या खोक्याच्या वरून गेलं पाहिजे. खाली दाबून मारलं तर खोकं उडतं, आणि त्यात वाद घालायला जागा नसते. आधी अर्ध्या वेगात, बॉलशिवाय. खोकं रिकामंच ठेवा, ड्रायव्हरचा जीव जाईल असलं काही तिथे नको.

एक फाटा राहिला. ठसा मध्यात, टी मोडली, बॉल खाली आणि शिवाय डावीकडे वळतोय, असं असेल तर फेस बंद होतोय, म्हणजे डावीकडे वळतोय. बंद होताना तो लॉफ्टही खातो. तिथे बॉलची जागा बदलून फारसं साधत नाही. आधी ग्रिप बघा: डाव्या हाताच्या किती गाठी दिसतात? तीन-चार दिसत असतील तर हात थोडा डावीकडे फिरवून दोन-अडीचवर आणा.

टी उभी, ठसा खाली

हा पातळ फटका. हेड वाटीच्या वरून गेलं. फेसच्या खालच्या भागात लागलेला बॉल कमी कोनात निघतो आणि जास्त स्पिन घेतो, कारण ड्रायव्हरचा फेस वरून खालीही थोडा गोलाकार असतो आणि मध्यापासून दूर लागलं की हेड धक्क्याने फिरतं.

"डोकं वर काढलंस" हे वाक्य लागू पडलंच तर इथे, आणि तेही अर्धंच. डोकं वर जातं कारण कंबर बॉलच्या दिशेने पुढे येते, पाठ सरळ होते आणि हात वर ओढले जातात. मान पकडून ठेवल्याने कंबर थांबत नाही. कंबरेच्या मागे भिंत किंवा खुर्चीची पाठ ठेवून क्लबशिवाय स्विंग करा. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) उजवा कुल्ला तिला टेकतो, डाउनस्विंगमध्ये डावा टेकला पाहिजे. दोन्ही सुटले तर चोर सापडला.

दुसरं कारण म्हणजे वजन उजव्या पायावरच राहणं. "वर मारायचं" हा सल्ला चुकीच्या माणसाला मिळाला की असं होतं. तो मागे रेलतो, हेडचा सर्वात खालचा बिंदू बॉलच्या खूप मागे पडतो, आणि बॉलपर्यंत येईस्तोवर हेड फार वर आलेलं असतं. फटका संपल्यावर उजवा पाय उचलून डाव्या पायावर तीन सेकंद उभं राहता येतंय का, ते पाहा.

खाली ठसा उमटणाऱ्याला मी खोक्याचा सराव कधीच देणार नाही. त्याने उलट आजार वाढेल.

बॉल आकाशात गेला तर

वरच्या कडेवर पांढरा डाग, क्राउनवर (हेडच्या माथ्यावर) ओरखडा, टी खोलवर लागून उपटलेली. हे खालून जाणाऱ्या ड्राइव्हच्या अगदी उलट दिसतं, पण बऱ्याचदा हे त्याचंच सख्खं भावंड असतं. हेड तसंच खाली दाबलं जातं. टी खाली असली तर बॉल मध्यात लागून खालून निघतो, टी उंच केली की हेड बॉलच्या खाली घुसतं आणि तो सरळ वर जातो. ज्याचा एक ड्राइव्ह खालून आणि पुढचा आकाशात, त्याने दोन आजार शोधत बसू नये. उपाय वरचाच, खोक्याचा.

टीच्या उंचीबद्दल

हेड जमिनीवर टेकवल्यावर बॉलचा अर्धा भाग क्राउनच्या वर दिसावा, हा जुना अंदाज आजही चालतो. मोठ्या हेडच्या ड्रायव्हरसाठी वाटी जमिनीपासून ३८ मिमीच्या जवळपास येते. ७० मिमीची टी असेल तर ३२ मिमी जमिनीत, ८३ मिमीची असेल तर ४५. नियम १०१.६ मिमीपर्यंत लांब टी चालवून घेतो, पण तेवढी कुणाला लागते असं मला वाटत नाही. टीवर पेनाने एक रेघ मारा आणि रोज तिथपर्यंतच खोचा. उंची दर होलला बदलणारी असेल तर वर लिहिलेली सगळी तपासणी वाया गेली.

एक गंमत: लाकडी टीच्या इतिहासातली दोन मोठी नावं, १८९९ मध्ये पेटंट घेणारे जॉर्ज ग्रँट आणि १९२० च्या दशकात ती बाजारात लोकप्रिय करणारे विल्यम लोवेल, दोघेही दंतवैद्य होते. त्याआधी ओल्या वाळूची चिमटीभर ढेकळी करून त्यावर बॉल ठेवायचे. ओरखडे वाचायची सोय तेव्हा नव्हती.

बॉल खालून जातोय म्हणून टी खाली करणं हा पहिला चुकीचा उपाय. हेड वर येण्याआधीच बॉल लागावा अशी सोय आपणच करून देतो. आठवडाभर टी नेहमीपेक्षा पाच मिमी उंच ठेवा. आकाशात दोन-चार बॉल जातील, लाज वाटेल, वाटू द्या. शरीर खाली दाबणं आपणहून कमी करायला लागतं.

याच्याच जोडीला बॉल न ठेवता एक सराव करा: टी नेहमीच्या उंचीवर, आणि स्विंग असा की हेडने टीचं फक्त डोकं खुडावं. जमिनीला स्पर्श नाही, टीवर जोरदार धडक नाही, वाटीलगतचा सेंटिमीटर तेवढा. दहात सहा जमले की बॉल ठेवा. हा सराव दोन्ही प्रकारांना चालतो, कारण खोल जाणाऱ्याला तो वर आणतो आणि वरून जाणाऱ्याला खाली.

ड्रायव्हर बदलावा का

पावडरच्या तपासणीआधी मुळीच नाही. ठसे मध्यात, टीवरची खूण वाटीलगत, उभं राहणं ठीक, खोकं जागेवर, आणि तरीही बॉल खालीच, असं असेल तर मग ९ अंशांचा ड्रायव्हर सोडून १०.५ किंवा १२ कडे जायला हरकत नाही. हेड फिरवून लॉफ्ट वाढवता येत असेल तर आधी तेच करून बघा, फक्त लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो हे लक्षात ठेवा. कमी लॉफ्ट म्हणजे मोठा खेळाडू, हा समज हौशी गोल्फमध्ये फार खोलवर रुजलाय. हळू स्विंगला लॉफ्ट लागतोच.

मोडलेल्या टीचे तुकडे टाकून देऊ नका. टोक असलेला अर्धा तुकडा छोट्या पार-३ वर (तीन फटक्यांच्या होलवर) आयर्नसाठी उत्तम, बॉल गवताच्या जेमतेम वर राहतो. फक्त तिथे टी उडाली किंवा मोडली तर ते वहीत लिहू नका. आयर्न खाली उतरतानाच बॉलला लागायचा असतो.